केंद्रकीच्या मागे लागू, की वेर्ण्याची नोकरी धरू?

पत्र आलंय डिचोलीहून, थोडं छोटं करून देते:

"ताई, मी एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, मग इंग्लिश. डिझर्टेशन यीस्टवर केलं, त्यासाठी रायबोझोम (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) कसा बनतो, न्यूक्लिओलसमध्ये (केंद्रकाच्या आतल्या केंद्रकीत) काय चालतं हे वाचायला घेतलं आणि त्यातच अडकले, आता दुसरं काही वाचवत नाही. मला ह्यातच रिसर्च करायचाय. पण आमचे एक सर म्हणाले की हा विषय संपलाय, नोबेल पण देऊन झालं, काहीतरी नवीन बघ. घरी बाबांचं छोटं दुकान, भाऊ बारावीला. वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत क्यूसीमध्ये (मालाची गुणवत्ता तपासायच्या विभागात) नोकरी मिळतेय, जूनमध्ये जॉईन व्हायला सांगतात. आई म्हणते हातातलं सोडून अजून पाच-सहा वर्षं शिकत बसणार, मग लग्न कधी करणार. इंटरव्ह्यूत इंग्लिश बोलताना मी अडखळते, त्याचीही भीती आहे. गोव्यात राहून हे होईल का? नाव छापू नका."

बाये, नाव छापत नाही. पत्र वाचलं आणि मला माझं एमएस्सीचं वर्षच आठवलं, कारण मी पण सत्तरीतल्या एका वाड्यावरून निघून ह्याच रायबोझोमच्या मागे बारा-तेरा वर्षं घालवलीत, त्यामुळे जे लिहिते ते ऐकीव नाही.

आधी उत्तर सांगून टाकते मग कारणं सांगते. जूनमध्ये वेर्ण्याला जॉईन होऊ नकोस. पण घाईघाईने पीएचडीला पण घुसू नकोस. सहा महिने ते एक वर्ष कुठल्यातरी चालत्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम कर, जिथे केंद्रक किंवा रायबोझोम किंवा आरएनएवर काम होतं अशा, आणि ते करता करता परीक्षा दे. का ते सांगते.

पहिलं ते सरांचं. सरांवर रागावू नकोस, पण विषय संपलाय हे काही खरं नाही. २००९ साली केमिस्ट्रीचं नोबेल रायबोझोमच्या रचनेला मिळालं, वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ ह्या तिघांना, त्यामुळे लोकांना वाटतं की झालं, आतला अणूअणू दिसला, आता काय राहिलं. पण त्यांनी दाखवली ती बॅक्टेरिया आणि तसल्याच सूक्ष्मजीवांच्या तयार झालेल्या रायबोझोमची रचना. तयार वस्तू कशी दिसते हे कळलं म्हणजे ती कशी जुळवतात हे कळलं असं नाही होत ना. यीस्टचंच घे, तुझं डिझर्टेशनच त्यावर आहे म्हणून. आपल्याकडे पोदेर, म्हणजे पाववाले, आधी ज्या माडाच्या सुरीने, म्हणजे माडीने, पीठ फुगवायचे, सान्नां फुगतात, ते सगळं ह्या यीस्टच्याच जिवावर. त्या एवढ्याशा पेशीत जोरात वाढताना सुमारे दोन लाख रायबोझोम असतात आणि ती मिनिटाला दोन हजार नवीन बनवते, मिनिटाला, आणि पेशी जेवढं आरएनए लिहिते त्यातलं साठ टक्के निव्वळ रायबोझोमसाठी असतं. एकेका रायबोझोमला चार आरएनए आणि ऐंशीच्या आसपास प्रथिनं लागतात, ती प्रथिनं बनतात केंद्रकाच्या बाहेर, मग केंद्रकाच्या भोकांतून आत येतात, न्यूक्लिओलसमध्ये आरएनएला जाऊन चिकटतात, अर्धवट जुळलेले दोन भाग परत त्याच भोकांतून बाहेर जातात आणि बाहेर गेल्यावर शेवटचा हात फिरवला जातो. आणि हे जुळवायला अजून दोनशेच्या आसपास मदतनीस प्रथिनं असतात जी शेवटच्या रायबोझोममध्ये कुठेच नसतात, गणेश चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला वाड्यावरचे येतात आणि बांधून झाली की आपापल्या घरी जातात, तशी. त्यातल्या कितीतरींचं नेमकं काम काय, कोण आधी येतं कोण नंतर, कोण कोणाला बाहेर काढतं, ह्यावर आजही लोक रात्री जागवतायत.

आणि आजारांचं बघ. डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया म्हणून लहान मुलांचा आजार आहे, १९९९ साली कळलं की त्यातल्या काही मुलांमध्ये रायबोझोमच्या एका प्रथिनाचा, आरपीएस१९ चा, जीन बिघडलेला असतो. आता विचार कर, रायबोझोम शरीरातल्या प्रत्येक पेशीला लागतो, मेंदूला, लिव्हरला, कातडीला, मग बिघाड झाल्यावर प्रामुख्याने रक्ताच्या तांबड्या पेशीच का आटतात? आणि ट्रीचर कॉलिन्स म्हणून दुसरा आजार आहे त्यातही गोची रायबोझोम बनवण्यातच, पण तिथे चेहऱ्याची हाडं नीट बनत नाहीत. एकच कारखाना बिघडला आणि दोन घरात दोन वेगळी दुखणी. ह्याची थोडी थोडी उत्तरं मिळालीत, पूर्ण नाही. अजून एक सांगते, आपल्या रायबोझोम-आरएनएचे जीन्स १३, १४, १५, २१ आणि २२ ह्या पाच क्रोमोझोम्सच्या आखूड हातांवर असतात, एकाच जीनच्या शेकडो कॉप्या ओळीने, आणि माणसाचा जीनोम वाचला वाचला म्हणून २००३ ला गाजावाजा झाला तेव्हा हे आखूड हात कोरेच होते. ते भरले २०२२ साली. म्हणजे तू बीएस्सीला वगैरे होतीस तेव्हा. २०११ ला तर असं दाखवलं की न्यूक्लिओलस हा घट्ट गोळा नाहीच, तो पाण्यात तेलाचा थेंब असतो तसा वागतो, दोन थेंब जवळ आले की एक होतात, आणि त्यावरून पेशीत पडद्याशिवाय कप्पे कसे बनतात हा आख्खा नवीन विषय जोरात पुढे गेला. संपलेल्या विषयात असं होत नाही.

पण खरं सांगू का, विषय जिवंत आहे की मेलेला ह्यावर तुझं करिअर मी ठरवणार नाही, तू पण ठरवू नकोस. तुला एक गोष्ट सांगते, मला स्वतःला ती फार उशिरा कळली.

२००९ ला केमिस्ट्रीचं नोबेल रायबोझोमला मिळालं ना, त्याच वर्षी मेडिसिनचं मिळालं टेलोमियरला, एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि आणखी दोघांना. टेलोमियर म्हणजे क्रोमोझोमची टोकं. आता ब्लॅकबर्नला ती टोकं सापडली कुठे तर टेट्राहायमेना नावाच्या एका पाण्यातल्या एकपेशीय जीवात, आणि त्यात ती बघत होती रायबोझोमचेच जीन्स, कारण त्या जीवात ते जीन्स छोट्या छोट्या सुट्या तुकड्यांवर हजारोंनी असतात, म्हणजे टोकंच टोकं, बघायला सोपं. आणि त्याच जीवाच्या त्याच जीन्सवर टॉम चेक काम करत होते, त्यांना १९८२ ला दिसलं की आरएनए स्वतःच स्वतःला कापू-जोडू शकतं, प्रथिनाची मदत न घेता, त्याला १९८९ चं नोबेल. रायबोझोमचे जीन्स बघायला गेलेली माणसं काय काय हातात घेऊन परत आली बघ.

आणि ब्लॅकबर्न १९७५ मध्ये कुणाच्या लॅबमध्ये गेली होती, तर जोसेफ गॉल यांच्या, येलला. हे गॉल म्हणजे बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक आयुष्यभर बघत बसलेला माणूस, क्रोमोझोमवर जीन कुठे बसलाय ते जागेवरच दाखवायची पद्धत त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी मेरी लू पार्ड्यू यांनी १९६९ ला काढली, आणि पहिल्यांदा वापरली ती बेडकाच्या रायबोझोम जीन्सवरच. ज्या काळात तिकडच्या मोठमोठ्या लॅब्जमध्ये मुलींना कुणी बेंच द्यायचं नाही त्या काळात गॉल यांच्या लॅबमधून कितीतरी बायका पुढे स्वतःच्या लॅब काढून बसल्या, जोन स्टाइट्झ, सुझन गर्बी, पार्ड्यू, ब्लॅकबर्न. हा योगायोग नाही गं. तो माणूस शिकवायचा कसा, वागवायचा कसा, अपयश आल्यावर बाजूला बसायचा का, त्याचा हा परिणाम आहे.

म्हणून मी तुला सांगते की विषय तुला आवडलाय तर छान आहे, तो ठेव मनात, पण निवड करताना दोन गोष्टी बघ, एक म्हणजे कुणाच्या हाताखाली, आणि दुसरं म्हणजे रोजचा दिवस कसा जातो. रायबोझोमवर करिअर म्हणजे रोज रायबोझोमचा विचार नसतो. रोज काय असतं ते सांगते म्हणजे तुझं तूच ठरवशील.

माझ्या पीएचडीत माझं मुख्य काम होतं पॉलिसोम प्रोफाइल. नळीत साखरेचं पाणी भरायचं, वर पातळ खाली घट्ट, दहा टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत, त्यावर पेशी फोडून काढलेला रस हळूच सोडायचा आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये दोन-तीन तास प्रचंड वेगाने फिरवायचं. छोटे भाग वर राहतात, मोठे खाली जातात, मग ती नळी वरून खाली यूव्हीतून नेली की कागदावर डोंगर उमटतात, पहिला ४०एसचा, म्हणजे रायबोझोमच्या छोट्या भागाचा, मग ६०एसचा, म्हणजे मोठ्या भागाचा, मग दोन्ही जुळलेल्या ८०एसचा, आणि त्यापुढे एकाच आरएनएवर दोन, तीन, चार रायबोझोम बसलेले, त्यांचे बारके बारके डोंगर. (चाळीस आणि साठ मिळून शंभर का नाही, ऐंशीच का, हे तुला इंटरव्ह्यूत नक्की विचारतील. तो आकडा वजनाचा नाही, खाली बसायच्या वेगाचा आहे.) मी एका अशा जीनवर काम करत होते जो बंद केला की ६०एसचा डोंगर खचायचा आणि ४०एसचा मोकळाच वाढायचा. वाचायला सुंदर वाटतं. पण पहिले आठ महिने माझ्या कागदावर एकही डोंगर नीट उमटला नाही, नुसती वर एक फुगवटी आणि पुढे सपाट माळ. आरएनए तुटत होतं. हातमोजे बदलले, पाणी बदललं, बर्फ बदलला, रडून झालं. आमच्या लॅबमध्ये एक वयस्कर टेक्निशियन होते, त्यांनी एक दिवस काही न बोलता माझ्या बाजूला उभं राहून मी नळी कशी भरते ते बघितलं आणि म्हणाले, तू घाई करतेस, थर मोडतोय तुझा. मग त्यांनी शिकवलं, आधी पन्नास टक्क्याचा थर ओतायचा आणि गोठवायचा, मग त्यावर चाळीसचा, गोठवायचा, मग तीसचा, असं करत वर यायचं, आणि आदल्या रात्री चार डिग्रीला ठेवून द्यायचं, सकाळपर्यंत थर आपोआप एकमेकांत विरघळून सरळ उतार तयार. मला एकदम आमच्या शेजारणीची बिबिंका आठवली. ती पण अशीच, एक थर ओता, भाजा, मगच दुसरा, घाई केली की सगळा गोळा. त्यानंतर थर कधी मोडले नाहीत. आरएनए का तुटत होतं ते आणखी दीड महिन्याने सापडलं, पेशी फोडायच्या बफरची एक बाटली सगळ्यांच्या वापरातली होती, त्यात कुणाचा तरी पिपेट गेला होता. मी स्वतःची बाटली बनवली, झाकणावर नाव लिहिलं, आणि पुढच्या गुरुवारी कागदावर तीन डोंगर आले. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

आता तू मला सांग, हे वाचताना तुला त्या तीन डोंगरांचाच हेवा वाटला, की बाटलीपर्यंत पोचायच्या त्या साडेनऊ महिन्यांत पण तुला काहीतरी गंमत दिसली? ह्याचं उत्तर तू घरी बसून देऊ शकत नाहीस, म्हणून ते सहा महिने. यीस्टचं डिझर्टेशन केलंस ते चांगलंच आहे, पण डिझर्टेशनला शेवटची तारीख असते, तारीख आली की जे आलं ते लिहून मोकळं. पीएचडीत तशी सुटका नाही. काहींना सहा महिन्यांत कळतं की आपल्याला वाचायला आवडतं, पण बेंचवर उभं राहायला नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सहा महिन्यांत कळलं तर बरंच झालं, चौथ्या वर्षी कळलं तर फार त्रास होतो, मी दोन मैत्रिणींना त्यातून जाताना बघितलंय.

लॅब शोधताना जाहिरातीची वाट बघत बसू नकोस. पाच-सहा जणांना ईमेल कर, पण सगळ्यांना एकच ईमेल नको, "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हायली इंटरेस्टेड" असलं ते रोज वीस वाचतात आणि डिलीट करतात. त्यांचा एकच पेपर नीट वाच, त्यातल्या एका फिगरवर तुला खरोखर पडलेला एक प्रश्न दोन ओळीत लिही, आणि तू डिझर्टेशनमध्ये हाताने काय काय केलंस ते लिही. उत्तर आलं तर जायच्या आधी त्या लॅबमधल्या मुलांशी फोनवर बोल, गाईडशी नाही, मुलांशी, आणि विचार की शेवटच्या दोघा-तिघांना पीएचडीला किती वर्षं लागली, प्रयोग फसतात तेव्हा सर किंवा मॅडम काय करतात, पेपरवर नाव कुणाचं पहिलं येतं, आणि चवथीला पाच दिवस घरी सोडतात का. शेवटचा प्रश्न सोपा वाटतो पण त्याच्या उत्तरावरून बाकी सगळं कळतं. मुलं जर उत्तर देताना अडखळली, "नंतर बोलूया" म्हणाली, तर तिथे जाऊ नकोस, ती संस्था कितीही मोठ्या नावाची असो.

गोव्यात राहून होईल का? पीएचडी होते, ताळगावच्या पठारावर गोवा युनिव्हर्सिटीत होते, झुआरीनगरला बिट्समध्ये होते, दोनापावलाला एनआयओ, म्हणजे समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे समुद्रातल्या जिवाणूंवर चांगलं काम चालतं. ह्या तिन्ही ठिकाणी जाऊन विचारून ये, कुणी यीस्ट किंवा आरएनएवर काम करत असेल तर ते सहा महिने घरूनच कदंबाच्या बसने ये-जा करून होऊन जातील, आईलाही बरं वाटेल. पण पीएचडीसाठी म्हणशील तर केंद्रक आणि रायबोझोमवर काम करणाऱ्या लॅब जास्त करून पुणे, मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूला आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीत वीणा परनाईक यांनी केंद्रकाच्या आतल्या अस्तराच्या प्रथिनांवर, लॅमिन्सवर, कितीतरी वर्षं काम केलं, बेंगळुरूला आयआयएस्सीत उमेश वार्ष्णेय यांनी बॅक्टेरियात रायबोझोम प्रथिन बनवायला सुरुवात कशी करतो त्यावर, त्यांचे पेपर वाचायला घे, आपल्याकडे बसून कसं काम होतं ते कळेल. तेव्हा गोवा सोडावं लागेल असं धरून चाल. पुण्याहून रात्रीच्या बसने सकाळी म्हापशाला उतरता येतं, फार लांब नाही.

परीक्षांचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा असते, शेवटच्या वर्षाला असताना पण देता येते, दिली नसशील तर दे. डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या बायोटेक विभागाची, जेआरएफ (पीएचडीची फेलोशिप) वेगळी. आणि जेजीबिल्स म्हणून एक असते साधारण डिसेंबरात, टीआयएफआर, एनसीबीएस आणि आणखी बऱ्याच संस्था तो स्कोअर बघतात, त्यात पाठांतर कमी आणि विचार जास्त, तुला जमेल असं पत्रावरून वाटतं. कोचिंगला पैसे घालू नकोस.

आता पैसे, कारण बाबांचं दुकान आणि भावाची बारावी हे काही मी विसरले नाही. जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० मिळतात, जानेवारी २०२३ पासून हा दर आहे, घरभाडं वेगळं. क्यूसीच्या सुरुवातीच्या पगाराशी लावून बघ, आईला हा आकडाच माहीत नसणार, तिच्या डोळ्यासमोर तू पाच वर्षं फी भरत बसलेली आहेस. तिला सांग की हा पगारच आहे. पण पूर्ण खरं सांग, स्टायपेंड कधी कधी चार-चार महिने अडकतो, मला स्वतःला एकदा सहा महिने मिळाला नव्हता आणि मी रूममेटच्या पैशावर जेवले होते, त्यामुळे सुरुवातीला मिळेल त्यातून तीन महिन्यांचं बाजूला ठेव. प्रोजेक्ट असिस्टंटला जेआरएफपेक्षा कमी मिळतात, ते सहा महिने ओढाताण होईल. आणि जर घरची स्थिती खरंच अशी असेल की जूनपासून तुझा पगार आला नाही तर भावाची फी भरता येणार नाही, तर मग वेर्ण्याला जा, बिनधास्त जा, क्यूसीत लिहून ठेवायची शिस्त लागते ती रिसर्चमध्ये सोन्यासारखी उपयोगी पडते. फक्त जायच्या आधी एक तारीख ठरव, पुढच्या वर्षीचा जुलै म्हण, आणि ती बाबांना सांगून ठेव. ठरवली नाहीस तर वर्षाची तीन होतात आणि कळत पण नाही.

आणि उशीर झाला उशीर झाला हे जे डोक्यात असतं त्याबद्दल, रामकृष्णन यांनी बीएस्सी बडोद्याला फिजिक्समध्ये केली, १९७६ ला अमेरिकेत पीएचडी पण फिजिक्समध्येच केली, आणि त्यानंतर, पीएचडी हातात असताना, ते बायोलॉजी शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. योनाथ यांनी रायबोझोमचे स्फटिक बनवायला १९८० च्या आसपास सुरुवात केली आणि त्याच्या भागांची बारीक रचना आली २००० मध्ये. वीस वर्षं. आपल्या गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी तर गणिताचे, तरी जेनेटिक्सवाले आजही जीन्समधलं अंतर मोजायला कोसंबींचं सूत्र वापरतात. एक वर्ष वेर्ण्याला गेलं म्हणून कुणाचं दार बंद होत नाही.

पीएचडीनंतरचं पण सांगते, गोड गोड सांगून तुला पाठवणार नाही. स्वतःची लॅब मिळणं कठीण आहे, जागा कमी, मधे पोस्टडॉकची तीन-चार वर्षं, बहुतेक वेळा परदेशात. बऱ्याच जणांना लॅब मिळत नाही, मला पण नाही मिळाली, मी आज शिकवते आणि मला ते आवडतं. आपल्याकडे सरकारी कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरच्या जागा जीपीएससीतून, म्हणजे गोवा लोकसेवा आयोगातून भरतात, त्यात कोंकणी यायलाच लागते आणि मराठी येत असेल तर चांगलं मानतात, बाहेरच्यांना ही अडचण असते, तुला ते घरातूनच मिळालंय. बायोलॉजिक्स बनवणाऱ्या कंपन्या आरएनए-प्रथिनांवर हात बसलेली माणसं शोधतात. म्हणजे रस्ते आहेत, पण आपण ठरवला तोच मिळेल असं धरून जाऊ नकोस.

लग्नाबद्दल मी आईच्या विरुद्ध काही बोलणार नाही, तिची काळजी खोटी नाही. एवढंच सांगते की माझं पीएचडीच्या चौथ्या वर्षी झालं, दोन्ही चालू राहिलं, नवऱ्याला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं की रात्री अकराला पण लॅबमध्ये जावं लागतं, पेशी माझं घड्याळ बघत नाहीत. ज्याला ते झेपणार नव्हतं तो आधीचा मुलगा तिथेच उठला, बरंच झालं.

राहिलं इंग्लिश. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीत एकदम इंग्लिश हे गोव्यातल्या आपल्यासारख्या किती मुलांचं होतं, मी पण त्यातलीच, पाचवीचं पहिलं वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. इंटरव्ह्यूत अडखळतो ते बहुतेक वेळा इंग्लिशमुळे नाही, गोष्ट आपल्याला स्वतःला नीट कळलेली नसते म्हणून. उपाय मला माझ्या गाईडनी सांगितला होता, जे सांगायचंय ते आधी आपल्या भाषेत, सायन्स न शिकलेल्या माणसाला सांगून बघ, त्याने मधे प्रश्न विचारला की समजायचं आपलं कुठे कच्चं आहे. तिथे पक्कं झालं की इंग्लिश दोन-चार चुकांसकट चालतं, पॅनेलवरचे लोक व्याकरण बघत नाहीत, मी आता स्वतः पॅनेलवर बसते म्हणून सांगते.

तर असं कर. कॉलेजला विचारून एक दिवस आईला तुमच्या लॅबमध्ये घेऊन जा. कांदा घरचाच ने. पापुद्रा काढ, आयोडिनचा एक थेंब टाक, मायक्रोस्कोपखाली ठेव आणि तिला बघायला दे, एकेका पेशीत गोल केंद्रक दिसेल आणि त्याच्या आत एक-दोन ठळक ठिपके. तोच न्यूक्लिओलस, शाळेच्या पुस्तकात केंद्रकी म्हणून होता तो. मग तिला बेडकांची गोष्ट सांग, की १९६४ ला ब्राउन आणि गर्डन यांनी अशी बेडकाची पिल्लं बघितली ज्यांच्या पेशीत हा ठिपकाच नव्हता, ती स्वतःचा एकही नवा रायबोझोम बनवू शकत नव्हती, तरी अंड्यातून बाहेर येऊन थोडे दिवस पोहत राहिली, कारण आईने अंड्यात आधीच रायबोझोम भरून ठेवले होते, आणि ते पुरेनासे झाले तेव्हा मेली. आई काहीतरी विचारेल. तिला कोंकणीत उत्तर दे, आणि कुठे अडलीस ते मला लिहून पाठव.